चित्रामागची गोष्ट

छायाचित्रे काढण्याचा छंद ज्याला जडला आहे, असा माणूस ओळखणे मुळीच कठीण नाही. आपल्याबरोबर बोलत चालता चालता तो एकाएकी थबकतो, मान वाकडी करतो, एक डोळा मिटतो आणि एखाद्या पडक्या भिंतीकडे असा टक लावून पाहतो, की जणू तेथे कुबेराचे भांडारच उघडले आहे! आपण पाहावे, तो भिंतीवर तिरपे ऊन पडलेले असते आणि त्या उन्हात एक सरडा बसलेला असतो. त्यापलीकडे तेथे काही नसते. अशा माणसाबरोबर निघाले, की वेळेवर कोठेही पोहोचता येत नाही. पण त्याच्यासंगे चालण्यात एक मौज असते. आपण रोज ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावर इतके काही आहे, हे आपल्याला प्रथमच कळते.

आमच्या दौंड गावात असे दहाबारा जण आहेत आणि मी त्यांतलाच एक. आमच्यात रेल्वेच्या सिग्नलचे काम पाहणारे एक गृहस्थ आहेत, एक निवृत्त मास्तर आहेत, धान्याचे व्यापारी असलेले एक शेटजी आहेत, औषधांचे दुकान चालवणारे एक काका आहेत आणि शिंपीकाम करणारे एक दादा आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आम्ही या दादांच्या दुकानावरच्या माडीत जमतो. कापड बेतण्याचे त्यांचे लांबलचक टेबल त्या दिवशी झाडून-पुसून रिकामे केलेले असते आणि त्यावर आम्ही आपापली चित्रे मांडतो.

आमचा नियम एकच. पण तो मोठा कडक आहे. प्रत्येकाने एकच चित्र आणायचे, तेही गेल्या महिन्याभरात काढलेले, आणि कागदावर छापून आणायचे. आता हल्लीच्या फोनच्या पोटात हजारो चित्रे मावतात. त्यांतून एक निवडायचे म्हणजे आईला तिच्या मुलांपैकी लाडके कोणते, असे विचारण्यासारखेच आहे. पण या निवडीतच अर्धे शिक्षण होते, असे माझे मत आहे. चित्रे मांडून झाली, की पहिली पाच मिनिटे कोणी एक अक्षरही बोलायचे नाही, नुसते पाहायचे. मग ज्याचे चित्र असेल, त्याने त्यामागची गोष्ट सांगायची.

अशा बैठका आम्हीच प्रथम काढल्या, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक होते. धंद्याने डॉक्टर, पण छायाचित्रणाची विलक्षण आवड! दोनच वर्षांनी, १८५६ पासून, हौशी लोकांनी काढलेल्या छायाचित्रांचे एक मासिकही मुंबईत निघू लागले. त्यात चित्रे छापलेली नसत, तर खरीखुरी छायाचित्रे प्रत्येक अंकात चिकटवलेली असत. त्या काळी चित्र काढायचे म्हणजे काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, काळा तंबू असा सारा संसार हमालाच्या डोक्यावर देऊन निघावे लागे. आज तो संसार सदऱ्याच्या खिशात मावतो. आपण काढलेले चित्र दुसऱ्याला दाखवण्याची उत्कंठा मात्र तेवढीच राहिली आहे.

गेल्या जून महिन्यातील बैठक माझ्या चांगली लक्षात आहे. त्या दिवशी टेबलावर नऊ चित्रे होती. मास्तरांनी आपल्या नातवाच्या पहिल्या पडलेल्या दाताचे चित्र आणले होते. काकांनी भिगवणच्या जलाशयावर, उन्हाळा संपत आला तरी मागे राहिलेला एकटाच रोहित पक्षी टिपला होता. शेटजींचे चित्र धान्याच्या पोत्यावर झोपलेल्या मांजराचे होते. त्यांची बहुतेक चित्रे त्या मांजराचीच असतात. मी वळवाच्या सरीनंतर चमकणारे रेल्वेचे रूळ आणले होते; त्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. पण बाकीच्यांपैकी तीन चित्रांनी आम्हांला रात्री दहापर्यंत माडीवरून हलू दिले नाही.

पहिले चित्र सिग्नलवाल्या गृहस्थांचे. काळाकुट्ट अंधार, त्यात एका प्रचंड झाडाची आकृती, आणि त्या झाडाच्या फांदीफांदीवर, पानापानावर हजारो पिवळे-हिरवे ठिपके! दिवाळीत देवळाच्या दीपमाळेवर पणत्या लावाव्यात, तसे ते झाड पेटलेले दिसत होते. भंडारदऱ्याच्या बाजूला मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंतच्या थोड्या दिवसांत काजव्यांचा हा मेळा भरतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असल्या झाडांवर ते थव्याथव्याने जमतात. काजवा हा भुंग्यांच्या जातीचा कीटक. त्याच्या पोटातील द्रव्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन प्रकाश पडतो. पण त्या प्रकाशाला ऊब म्हणून नसते. नर चमकतो तो मादीला साद घालण्यासाठी, आणि मादी चमकून त्याला उत्तर देते. म्हणजे आपल्याला जी रोषणाई वाटते, ते खरोखर त्यांचे संभाषण असते. सिग्नलवाल्यांना याचे फार अप्रूप वाटले. "आमच्या खात्यातलेच हे," असे म्हणून ते हसले.

त्यांनी सांगितलेली हकीकत ऐकण्यासारखी होती. पर्यटकांच्या मोटारींचे दिवे आणि हातातल्या विजेऱ्या यांच्या झोतात काजव्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत, आणि वर्षातून एकदाच येणारा त्यांचा हंगाम वाया जातो. म्हणून हे गृहस्थ गर्दीची जागा सोडून, गावातल्या एका माणसाला बरोबर घेऊन अंधारातच चालत गेले. कॅमेरा तिवईवर बसवला. कॅमेऱ्यावर एक तांबडा ठिपका सतत जळत असतो. त्यावरदेखील त्यांनी काळी पट्टी चिकटवली. मग कॅमेऱ्याची झडप अर्धा मिनिट उघडी ठेवून एक चित्र, पुन्हा अर्धा मिनिट उघडी ठेवून दुसरे, अशी चाळीस चित्रे त्यांनी काढली, आणि घरी आल्यावर संगणकाच्या साहाय्याने ती एकावर एक ठेवून एकच चित्र केले.

येथे मास्तर खुर्चीत सावरून बसले. ते म्हणाले, "म्हणजे हे असे झाड तुम्ही डोळ्यांनी पाहिलेच नाही! एका क्षणी इतके काजवे त्यावर चमकलेच नव्हते. मग हे चित्र खरे कसे?"

प्रश्न बिनतोड होता. माडीवर क्षणभर शांतता पसरली. मग सिग्नलवाले सावकाश म्हणाले, "मास्तर, या चित्रात क्षण नाही. या चित्रात वीस मिनिटे आहेत. मी ते लपवीत नाही. म्हणून तर गोष्ट सांगितली."

मला त्यांचे म्हणणे पटले. जगातील जे सर्वांत जुने छायाचित्र आज शिल्लक आहे, ते फ्रान्समधील नीएप्स नावाच्या गृहस्थाने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून काढले. डांबराचा पातळ थर दिलेल्या धातूच्या पत्र्यावर प्रकाशाचा ठसा उमटायला त्याला कित्येक तास वाट पाहावी लागली. तेवढ्या वेळात सूर्य आकाशातून इकडचा तिकडे गेला. त्यामुळे त्या चित्रात घरांच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेले दिसते! असे ऊन कोणाच्या डोळ्यांनी कधी पाहिले आहे? तरी त्या चित्राला कोणी खोटे म्हणत नाही. कारण ते कसे काढले, हे जगाला ठाऊक आहे. मास्तरांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली. पण ती होकाराची होती की नकाराची, ते अजून आम्हांला उमगलेले नाही.

हा वाद ताजा असतानाच दुसऱ्या चित्राची पाळी आली, आणि ते होते काकांच्या मुलीचे. ती नुकतीच सातवीत गेली आहे. आमच्यात सर्वांत लहान सभासद तीच. तिच्या चित्रात घरातली एक चुन्याची भिंत होती, आणि त्या भिंतीवर एक सबंध रस्ता उलटा लोंबकळत होता! कडुलिंबाचे झाड खाली डोके वर पाय करून उभे होते. समोरच्या घराचे कौलारू छप्पर तळाशी होते आणि त्याहीखाली निळे आकाश होते. रंग फिकट होते, कडा जराशा विरघळल्यासारख्या होत्या. पण झाड ते झाड आणि घर ते घर.

चित्र पाहून शेटजी हसले. ते म्हणाले, "छान आहे हो! पण बाळ, हल्ली यंत्राला नुसते सांगितले, तरी ते हवे तसले चित्र बनवून देते. हे तसलेच ना?"

मुलीचा चेहरा उतरला. ती काही रडली नाही, की चिडलीही नाही. तिने आपली गोष्ट सांगितली. मे महिन्यात तिला ताप आला होता. उन्हाची झळ नको, म्हणून दुपारी दारे-खिडक्या लावून तिला खोलीत निजवले होते. जुन्या लाकडी दाराला कडीचे एक भोक आहे, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. अंथरुणावर पडल्या पडल्या तिला समोरच्या भिंतीवर काहीतरी हलताना दिसले. पाहते तो एक सायकलवाला डोके खाली करून भिंतीवरून चालला आहे! प्रथम तिला वाटले, आपल्याला तापात भास होत आहे. पण ताप उतरला, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता पुन्हा भिंतीवर आला. मग तिने पुठ्ठ्याला जोंधळ्याच्या दाण्याएवढे भोक पाडून तो पुठ्ठा कडीच्या भोकावर लावला. तेव्हा चित्र अंधूक झाले, पण अधिक रेखीव दिसू लागले. आईचा फोन तिने पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवला आणि तो हलू नये म्हणून श्वास रोखून चित्र काढले.

गोष्ट संपवून ती शेटजींना एवढेच म्हणाली, "काका, उद्या दुपारी बारा वाजता आमच्या घरी याल?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण काकांच्या घरी गेलो. खोलीचे दार लावून अंधारात बसलो. प्रथम काहीच दिसेना. शेटजी घाम पुसत होते. दोनचार मिनिटांत डोळे अंधाराला सरावले आणि मग, पाण्यातून एखादी वस्तू वर यावी, तसा भिंतीवर रस्ता उमटू लागला. कडुलिंबाची पाने हलत होती. एक शेळी छताकडे पाय करून निघून गेली. शेटजी उठले, मुकाट्याने बाहेर गेले आणि भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात हलवू लागले. आत भिंतीवर उलटे टांगलेले शेटजी हात हलवीत आहेत, हे पाहून आम्हांला हसू आवरेना. ते रस्त्याच्या एका कडेला सरकले, की भिंतीवरचे शेटजी दुसऱ्या कडेला सरकत! परत आत येऊन ते मुलीला म्हणाले, "बाई, तुझे चित्र खरे. मी पाहिले, नव्हे, मी त्यात जाऊन आलो."

यात जादू मुळीच नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो. झाडाच्या शेंड्यापासून निघालेला किरण लहानशा भोकातून आत शिरला, की तो खाली उतरत उतरत भिंतीच्या तळाशी पोहोचतो. आणि बुंध्यापासून निघालेला किरण वर चढत जातो. म्हणून चित्र उलटे पडते. भोक मोठे असेल, तर पुष्कळ किरण एकमेकांत मिसळतात आणि चित्र पुसट होते. लहान असेल, तर चित्र रेखीव, पण अंधूक. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल्‌-हैथम या अरब विद्वानाने अशा भोकातून येणाऱ्या प्रकाशाचा बारकाईने अभ्यास केला होता. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात तेथल्या गोपुराची छाया आतल्या एका भिंतीवर उलटी पडते. तिचे कारणही हेच. पुढे युरोपात चित्रकार मंडळी अशाच अंधाऱ्या खोलीत बसून भिंतीवरचे चित्र कागदावर गिरवू लागली. 'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी खोली असा आहे. तेव्हा आपण ज्याला कॅमेरा म्हणतो, ती त्या मुलीच्या आजारपणातली खोलीच होय. फक्त ती खिशात मावण्याइतकी लहान झाली आहे!

पण दुसऱ्या दिवसाचे सांगता सांगता मी पुढे गेलो. त्या रविवारी टेबलावर शिंपीदादांचे चित्र अजून उरले होते, आणि खरे सांगायचे, तर पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नव्हते. पाहण्यासारखे त्यात होते तरी काय? भेगाळलेला चिखल, त्यात रुतलेले चारदोन दगड, आणि उजव्या कोपऱ्यातून चित्रात आलेला, हिरव्या बांगड्या घातलेला एक सुरकुतलेला हात. बस, एवढेच.

दादा मितभाषी आहेत. त्यांनी टेबलावरची सुई उचलून गादीत टोचली आणि सांगायला सुरुवात केली.

भीमा नदीवरचे उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली नदीकाठची अनेक गावे गेली. इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव त्यांपैकीच एक. गाव उठून वर माळावर गेले; पण पळसनाथाचे जुने दगडी मंदिर मात्र तेथेच राहिले. एरवी ते पाण्याने वेढलेले असते. ज्या उन्हाळ्यात पाणी फार उतरते, त्या उन्हाळ्यात मंदिर उघडे पडते आणि ते पाहायला दुरून दुरून लोक येतात. दादाही मंदिराचेच चित्र काढायला गेले होते. उन्हे कलायची वाट पाहत ते एका चौथऱ्यावर बसले असता त्यांना मंदिरापासून काही अंतरावर एक म्हातारी दिसली. ती मंदिराकडे पाठ करून चालत होती आणि चालताना पावले मोजीत होती. काही पावले सरळ, मग डावीकडे वळून आणखी काही. मध्येच ती थांबे, मागे वळून कळसाकडे पाही आणि पुन्हा मोजू लागे. शेवटी एका ठिकाणी ती खाली बसली आणि हाताने चिखलाच्या खपल्या बाजूला करू लागली.

दादांनी कॅमेरा उचलला. मावळतीचे ऊन, भेगाळलेली जमीन, एकटी बसलेली म्हातारी. चित्र मोठे सुंदर झाले असते. पण त्यांनी तो तसाच खाली केला आणि ते तिच्याजवळ गेले. "आजी, तुमचा फोटो काढू का?" त्यांनी विचारले.

आजींनी वर पाहिले. "माझा कशाला रं काढतोस, बाबा?" त्या म्हणाल्या. "घराचा काढ की."

दादांनी इकडे तिकडे पाहिले. घर कोठेच नव्हते. आजींनी बोटाने दाखवले. हा दगड म्हणजे दाराचा उंबरा. या घरात त्या लग्न होऊन आल्या. थोरला मुलगा येथेच जन्मला. पाणी येणार म्हणून ज्या दिवशी घर सोडले, त्या दिवशी त्यांनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले होते. त्यानंतर इतक्या वर्षांत तो दगड त्यांना प्रथमच सापडला होता. घराचे चित्र त्यांच्यापाशी एकही नव्हते. त्या काळी खेड्यात कॅमेरा होता कोणाकडे?

मग दादांनी घराचे चित्र काढले. आजी बोटाने दाखवीत होत्या, म्हणून त्यांचा हात तेवढा चित्रात आला.

आम्ही सर्व जण पुन्हा टेबलावर वाकलो. चित्र तेच होते. चिखल तोच, दगड तेच. पण आता त्यातला एक दगड उंबरा झाला होता. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मघाशी काजव्यांवरून वाद घालणारे मास्तर या वेळी काही बोलले नाहीत.

दादांनी त्या चित्राच्या दोन प्रती छापून घेतल्या होत्या. बैठकीच्या आदल्याच आठवड्यात, दुकान बंद ठेवून, ते एक प्रत द्यायला नव्या पळसदेवला गेले होते. आजींनी पदराने हात पुसून ती घेतली, दारात उजेडाला नेऊन बराच वेळ न्याहाळली, आणि मग नातवाला हाक मारली. "पेन्सिल आण रं." नातू चित्रावर रेघा ओढायला तयार होईना; एवढा चांगला फोटो खराब होईल, असे त्याला वाटत होते. आजींनी ऐकले नाही. उंबऱ्यापासून त्या बोट ठेवीत गेल्या आणि नातू रेघा ओढीत गेला: येथे ओटी, येथे माजघर, ही चूल, हा बैलांचा गोठा, ही पाण्याची रांजणे. चिखलावर पेन्सिलीचे एक घर उभे राहिले. नातवाने फोटो परत आजींच्या हातात दिला. त्यांनी तो पुन्हा एकदा उजेडात धरला आणि त्याच्यापुढे केला. परसातला शेवगा काढायचा राहिला होता.